मंजूची सावड

ठकूबाईंच्या वळचणीला दोन विळे खोचलेले असतात. एक त्यांचा स्वतःचा, मूठ झिजून काळी पडलेला. दुसरा त्या मानाने नवा. परवा त्यांच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने हा नवा विळा सहज हातात घेतला, अंगणाच्या कडेच्या गवतावर चालवून पाहिला आणि म्हणाला, "आत्याबाई, ह्यो कापत का न्हाई?" ठकूबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, जागेवर खोचला आणि म्हणाल्या, "तुजा न्हाई त्यो. मंजूचा हाय."

पाहुण्याने माझ्याकडे पाहिले. मी व्यवसायाने शिक्षक. प्रश्न आला की उत्तर द्यावे, ही जुनी सवय. पण मंजू कोण, हे मला तेथे एका वाक्यात सांगता येईना. म्हणून ते येथे क्रमाने लिहितो. काही भाग अनुत्तरित राहील, हेही आधीच सांगून ठेवतो.

मंजूचे खरे नाव मिनजी. देश दक्षिण कोरिया, वय बावीस-तेवीस. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आमची शाळा आहे. शाळेच्या पलीकडे मुलांचे एक लहानसे ख्रिस्ती वसतिगृह आहे. दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन भात कापणीला आले असताना, कोरियातील एका चर्चची पाच-सहा तरुण माणसे तीन आठवडे सेवा करण्यासाठी तेथे आली. वसतिगृहाच्या व्यवस्थापकांनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावले होते की येथे कोणी प्रवचन करायचे नाही, पुस्तके वाटायची नाहीत. हातांनी जे करता येईल ते करायचे. त्यांना इंग्रजी-मराठी दुभाषा म्हणून कोणी हवे होते, म्हणून मला बोलावणे आले. माझे इंग्रजी पाठ्यपुस्तकातले आणि त्यांचे त्याहून थोडे कमी. दोन्हीकडची वाक्ये तोकडी असल्यामुळे आमचे बरे जमले.

गटातल्या दोघांना गाता येत होते. ते मुलांना गाणी शिकवू लागले. दोघांनी जेवणघराच्या भिंतीवर चित्र काढायला घेतले. मिनजीला गाता येत नव्हते आणि तिने काढलेला मोर पाहून मुलांनी "कोंबडी! कोंबडी!" असा गलका केला. मग गटप्रमुखांनी तिला वसतिगृहापुढच्या मैदानातले दगड वेचायला सांगितले. तेथे मुलांना खो-खो खेळता यावा, अशी कल्पना होती. आमच्याकडच्या जमिनीत दगड वेचणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. वरचा दगड काढला की खालचा तोंड वर करतो.

तिच्या काही सवयी लगेच नजरेत भरल्या. कोणतीही वस्तू ती एका हाताने घेत नसे आणि एका हाताने देत नसे. चहाचा कप असो, खडू असो, दोन्ही हात पुढे होत आणि मान खाली जाई. आमच्या मुलांना हे इतके आवडले की आठवडाभर वर्गात गृहपाठाच्या वह्या मला दोन्ही हातांनी मिळत होत्या. पायांवर उकिडवे बसणे तिला सहज जमे. ऊन लागू नये म्हणून ती बाह्यांवर कापडी नळ्या चढवी आणि चेहऱ्यावर पांढरे मलम थापे, त्यामुळे ती नेहमी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसे. पहाटे उठून ती मैदानाच्या कडेला, अंगाभोवती चादर घेऊन, मोठ्याने प्रार्थना करी. हंडे घेऊन निघालेल्या बायका त्या वेळी तिच्यासमोरून जात. त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिले ते तेथे.

"ही नेपाळची हाय का, गुरुजी?" पारूबाईंनी मला विचारले. पारूबाई म्हणजे ठकूबाईंच्या शेजारीण. त्यांच्या जिभेला शाळेच्या वर असलेल्या वाडीतले पुरुषही जपून असतात.

"नाही. कोरियाची."

"मंग रडती का रोज पहाटं? सासुरवास हाय का तिला?"

मी ही शंका मिनजीला सांगितली. ती हसली नाही. विचार करून म्हणाली, "मी विचारत असते. उत्तर येत नाही, म्हणून आवाज मोठा होतो."

ती काय विचारत होती, हे तिने मला पुढे सांगितले. तिचे शिक्षण पूर्ण झाले होते. वडिलांनी नोकरीचे पाहून ठेवले होते. पण तिच्या चर्चने तिला विचारले होते की, तू दोन वर्षांसाठी ह्याच डोंगरात परत येशील का? हो की नाही, ते येथून निघण्यापूर्वी गटप्रमुखांना सांगायचे होते. देव ज्याला बोलावतो त्याला खूण देतो, असे तिला लहानपणापासून शिकवले गेले होते. ती त्या खुणेची वाट पाहत होती, आणि तोवर दगड वेचत होती.

"इथे सर्वांत जास्त मदत कोणाला हवी आहे?" असे तिने मला एकदा विचारले. प्रश्न सरळ होता. वाडीतल्या प्रत्येक घराला काही ना काही हवे होते; पण मदत हवी, असे कोणीच म्हटले नव्हते.

मैदानाच्या खालच्या अंगाला भाताची खाचरे आहेत. तेथे चार घरच्या बायका ओळीने कापणी करत. मिनजी दगड वेचता वेचता त्यांच्याकडे पाहत राही. एका सकाळी ती टोपली ठेवून सरळ बांध उतरली, दोन्ही हात पुढे करून वाकली आणि विळा मागितला. ठकूबाईंनी तिला आपादमस्तक पाहिले.

"येतं का तुला?"

मी बांधावर होतो. भाषांतर केले. मिनजीने प्रामाणिकपणे मान हलवली, नाही म्हणून.

"मंग बरं हाय," ठकूबाई म्हणाल्या. "येतं म्हणणारी बोट कापून घेती."

येथे ठकूबाईंविषयी सांगितले पाहिजे. पतीच्या मागे एकट्या राहणाऱ्या, दोन्ही मुली सासरी, वय साठीच्या पुढे. खाचर एकच, तेही लहान. दर वर्षी ते वेळेवर कापून होते, ते सावडीमुळे. सावड म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकासाठी सांगतो. आज तू माझ्या शेतात दिवसभर राब, उद्या मी तुझ्या शेतात राबेन. पैसा मध्ये येत नाही. दिवसाला दिवस, माणसाला माणूस. ठकूबाई इतरांच्या शेतात जातात, इतर त्यांच्या शेतात येतात. हंगाम संपताना बहुतेक दिवस फिटलेले असतात; बहुतेक म्हणायचे कारण असे की जुन्या बायका एखादा दिवस मुद्दाम तसाच राहू देतात. म्हणजे पुढच्या वर्षी हाक मारायला तोंड राहते.

मिनजी ओळीत उभी राहिली आणि तत्काळ घोटाळा झाला. ती डावखुरी होती. ओळीत प्रत्येकीची एक पात ठरलेली असते, म्हणजे तिने कापत जायची पट्टी. सगळ्यांचे विळे एका बाजूने फिरतात आणि हिचा उलट बाजूने फिरे. हिचा कोपर शेजारणीच्या बरगडीत. शिवाय आपल्याकडचे विळे उजव्या हाताच्या हिशेबाने घडवलेले असतात. डाव्या हातात ते कापत नाहीत, चिंध्या करतात. पारूबाई दोनदा कोपर खाऊन ओरडल्या, "आगं बये, हिला कुठंतरी कडंला लावा! माझा जीव घेती ही!" ठकूबाईंनी तिला ओळीच्या डाव्या टोकाला नेले. तेथे तिच्या कोपराला मोकळी हवा होती. तेव्हापासून ती जागा तिची झाली आणि नावही त्याच दुपारी बदलले. मिनजी म्हणायला कोणाची जीभ वळेना. मंजू सोपे होते.

त्या आठवड्यात मी गावी, निमगाव सावाला गेलो होतो. तेथून बेल्ह्याचा बाजार जवळ. जनावरांच्या बाजाराच्या कडेला एक लोहार बसतो. त्याच्याकडे मी डाव्या हाताचा विळा मागितला.

"डावा?" त्याने भाता थांबवला. "कुणाला, गुरुजी? तुमी तर उजवं."

"एका मुलीला. परदेशी आहे."

"तिकडं विळं न्हाईत का?"

"तिकडे यंत्राने कापतात."

"मंग हितं कशाला आली कापायला?"

मी उत्तराऐवजी पैसे पुढे केले. लोहाराने माझी अवघड स्थिती ओळखली असावी. त्याने मुकाट्याने पाते तापवले, उलट बाजूने धार काढली आणि विळा माझ्या हातात देत म्हणाला, "ह्यो परत आणू नका, राव. दुसरं कुणी घ्यायचं न्हाई."

तो विळा मिनजीने दोन्ही हातांनी घेतला. मग ती खरोखर कापू लागली. चारही घरांच्या खाचरांत तिने एकेक दिवस काम केले. दुपारी बांधावर बसून ती तांदळाची भाकरी ठेच्याशी खाई. तिखटाचे तिला काहीच वाटत नसे, आणि ह्या एका गोष्टीमुळे पारूबाईंचे तिच्याविषयीचे मत पूर्णपणे पालटले.

ठकूबाईंचे भात कापून खाचरात वाळत पडले होते, त्या दिवशी आभाळ भरून आले. कापलेले भात भिजले तर दाणा काळा पडतो. ठकूबाई मिनजीला म्हणाल्या, "पहाटं बोलतीस ना तुज्या देवाशी? त्याला म्हणावं, झोडून होईस्तवर थांब जरा." मी हे भाषांतर करताना थोडा संकोचलो, मिनजीने ते अतिशय गंभीरपणे घेतले. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मैदानात बसून राहिली.

पाऊस आला. चांगला तासभर आला.

सकाळी ती ठकूबाईंच्या खाचरात उभी होती, आणि चेहऱ्यावरचे पांढरे मलम ओघळलेले होते. "माझं ऐकलं नाही," ती मला म्हणाली. "त्यांना सांगा, मी मनापासून मागितलं होतं." मी सांगितले. ठकूबाई ओल्या पेंढ्या उलटत होत्या. त्या वर न बघताच म्हणाल्या, "मी काय मागितलं न्हवतं व्हय खंडोबाला? त्यानं तरी कुठं ऐकलं? देवाला काय एकच श्येत हाय का? चल, ती बाजू उलट."

हे वाक्य मी इंग्रजीत कसेबसे नेले. मिनजीने ते दोनदा वदवून घेतले. त्यात तिला काय सापडले किंवा काय हरवले, मला सांगता येणार नाही. दोघींनी मिळून दुपारपर्यंत सगळ्या पेंढ्या उलटल्या आणि उन्हाने पुढचे काम केले.

खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. शेवटचे खाचर कापून झाले त्या संध्याकाळी पारूबाईंनी मिनजीला विचारले, "आता तुज्या कामाला आमी कधी येऊ?" मी भाषांतर केले. मिनजीने दोन्ही हात जोरजोरात हलवले. "काही नको. काही नको. मी सेवा केली. परत काही नको." मी तेही शब्दशः सांगितले. बायका विळे कमरेला खोचून एकेक करून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी झोडणीला तिला कोणी हाक मारली नाही. ती आपण होऊन खळ्यावर गेली तर तिला चहा दिला, घोंगडी टाकून बसवले आणि हातात काही येऊ दिले नाही. एका दिवसात ती पुन्हा पाहुणी झाली होती. ती शाळेत माझ्याकडे आली. "मी काय चुकीचं केलं?" हा तिचा प्रश्न. तिने खुणेसाठी इतके दिवस वाट पाहिली होती. हीच ती खूण, आपल्याला येथे जागा नाही, असे तिला वाटू लागले होते.

ती गेली आणि तासाभरात पारूबाई व ठकूबाई आल्या.

"गुरुजी, ती पोर फुकाट का राबती?" पारूबाईंचा स्वर चढलेला होता. "आमी काय भिकारी हाय? रोजानं आली असती तर रोज दिला असता. सावडीनं आली तर सावड घ्यावी. ह्ये तिसरं काय काढलं तिनं?"

"ती सेवा म्हणते त्याला," मी म्हणालो.

"सेवा देवाची करत्यात. आमी काय देव हाय व्हय?"

ठकूबाई इतकेच म्हणाल्या, "तिचं डोक्यावर ठेवून आमी कसं निजायचं, गुरुजी?"

मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा समजावून सांगितल्या. दोन्ही बाजूंनी मान डोलावली आणि कोणालाच काही पटले नाही. खरे सांगायचे तर मलाही पटेना. शाळेत दर वर्षी मी मुलांना, परतफेडीची अपेक्षा न करता मदत करावी, असे शिकवत आलो होतो. आणि येथे तशा मदतीने चार घरे दुखावली होती.

गाठ सुटली ती अनपेक्षित जागी. मिनजी संध्याकाळी आजीशी मोबाईलवर बोलत असे. त्या दिवशी तिने सगळी हकिगत सांगितली. मी शेजारी होतो. पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा होता, चिमुकल्या डोळ्यांचा. आजीने ऐकून घेतले आणि ती इतकी हसली की पडदा हलू लागला. मग हसणे थांबवून तिने नातीला खडसावले. मिनजीचे कान लाल झाले.

"आजी म्हणते," तिने मला सांगितले, "तिच्या लहानपणी त्यांच्या गावात भाताला असंच होतं. अगदी असंच. त्याला पुमासी म्हणत. आजी म्हणते, मी त्या बायकांना लाजवलं. त्यांच्याकडून काम घ्यायला हवं. ती विचारते, तुझं कोणतं काम अडलं आहे?"

आम्ही दोघांनी मैदानाकडे पाहिले. दगड होते तेथेच होते.

मदत करायला आलेल्या मुलीला मदत मागायला जाणे जड गेले. मी तिला एकच मराठी वाक्य शिकवले आणि ती वाडीत गेली. ठकूबाईंच्या अंगणात चौघी बसल्या होत्या. ती वाकली आणि म्हणाली, "माझ्या सावडीला या."

मग पारूबाई म्हणाल्या, "बग, आली का न्हाई वळणावर!" आणि चौघी एकदम बोलू लागल्या, घमेली कोणाकडे किती आहेत, पहार कोणाची आणायची, ह्यावरून.

गट निघायच्या दिवशी सकाळीच बायका मैदानावर आल्या. तीन घरांतून तिघी. दगड वेचण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती: मोठा दगड उचलायचा नाही, लोळवायचा; आणि लोळवताना प्रत्येक दगडाला एक शिवी. खालच्या कडेला त्यांनी त्याच दगडांचा बांध घातला. मिनजीला मध्ये फिरकू देईनात. "तू बस. आज तुजं काम हाय. धनीण काम करती व्हय?" ती कडेला उकिडवी बसून राहिली, हात कोठे ठेवावेत हे न कळून. गटप्रमुख आनंदाने फोटो काढत होते आणि दर थोड्या वेळाने तिला म्हणत होते, पाहा, तुझ्या सेवेचे फळ. तिने एकदाही मान डोलावली नाही. दुपारच्या आत मैदान खो-खोला तयार झाले.

ठकूबाई आल्या नव्हत्या. पारूबाईंनी निरोप आणला होता: गुडघा धरलाय, उठवत नाही, मंजूचा दिवस माझ्याकडं राहिला म्हणून सांग.

गाडीत सामान चढत असताना मिनजी माझ्याजवळ आली. कापडात गुंडाळलेला विळा तिने दोन्ही हातांनी पुढे केला. "विमानात नेता येत नाही. ठकूबाईंकडे ठेवाल?"

मी तो घेतला आणि विचारले, "गटप्रमुखांना उत्तर दिलंस?"

"मी सांगितलं, मला हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही." ती शब्द शोधत बोलत होती. "मी मोठ्या खुणेची वाट पाहत होते. आणि आता माझा एक दिवस इथे राहिला आहे. गुरुजी, ही खूण आहे, की नुसता गुडघा आहे?"

मी बावीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत आलो आहे. त्या दिवशी मी म्हणालो, "मला माहीत नाही."

ती वाकली. मीही वाकलो. गाडी निघाली.

विळा पोहोचवावा म्हणून मी लगेच वाडीची चढण धरली. गाडीचा रस्ता डोंगराला वळसा घालून खाली उतरतो, त्यामुळे ती बराच वेळ दिसत राहते. अर्ध्या चढणीवर, वरच्या रानातून कोणीतरी झपाझप उतरताना दिसले. डोक्यावर लाकडाची चांगली मोठी मोळी होती. ठकूबाईच होत्या.

मला पाहून त्या थांबल्या, पण मोळी उतरवली नाही. मी त्यांच्या गुडघ्याकडे पाहिले. त्यांनी माझ्या हातातल्या विळ्याकडे पाहिले.

"धार गेली न्हाई ना?" त्यांनी विचारले.

"नाही."

"वळचणीला खोचा. गंजाया नको. पुढल्या साली लागंल."

दोन वर्षे झाली, मिनजी अजून आलेली नाही. तिचे उत्तर काय ठरले, ते तिने कळवलेले नाही. गुडघ्याविषयी मी तिला कळवलेले नाही. कळवावे की कळवू नये, ह्याचा मी अनेकदा विचार केला आहे. सुज्ञ वाचकांपैकी कोणास सुचल्यास सांगावे.

त्या दिवशी आम्ही दोघे चढणीवर तसेच उभे राहिलो. खाली वळणावर गाडी एकदा दिसली, झाडांमागे गेली, पुन्हा दिसली. खिडकीतून एक हात बाहेर आला होता, बाहीवर कापडी नळी चढवलेला, आणि तो वाडीच्या दिशेने हलत होता. ठकूबाईंनी मोळी एका हाताने सावरली. दुसरा हात वर केला, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी बराच वेळ तो खाली घेतला नाही.